कम्युनिटी कॉलेजातून यूसी-सीएसयूत: पहिल्या सत्रापासून काय सांभाळायचं

बारावी झाली, आईची किंवा वडिलांची अमेरिकेत बदली झाली, आणि जूनमध्ये कुटुंब फ्रीमॉन्टला नाहीतर अर्व्हाइनला येऊन उतरलं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसीच्या पहिल्या वर्षाच्या अर्जाची मुदत आदल्या नोव्हेंबरातच संपलेली. अशा मुलांसाठी, तसंच इथेच हायस्कूल झालं पण मनासारखा प्रवेश मिळाला नाही किंवा चार वर्षांचा खर्च झेपत नाही अशांसाठीही, कॅलिफोर्नियात एक रीतसर, सरकारमान्य वाट आहे. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करायची आणि तिसऱ्या वर्षाला यूसीच्या एखाद्या कॅम्पसवर किंवा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे सीएसयूत, जायचं.

महाराष्ट्रात डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात, तसाच काहीसा हा प्रकार. पण इथे कॅप राउंड नाही आणि विद्यापीठाने आखून दिलेला ठरीव अभ्यासक्रमही नाही. कोणते विषय, कुठल्या क्रमाने, कधी घ्यायचे हे विद्यार्थ्याने स्वतः जुळवायचं असतं. वर्ष वाया जातं ते याच ठिकाणी. त्यामुळे या लेखात निबंधापेक्षा आणि अर्जापेक्षा विषयांच्या निवडीवर जास्त बोललो आहे.

आधी डोक्यातला कमीपणा काढा

मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "मुलगी कुठे आहे सध्या?" की आईवडील "डी अँझाला" (म्हणजे एका कम्युनिटी कॉलेजात) हे जरा हळू आवाजात सांगतात. खरं तर ही सोय राज्याने मुद्दाम केलेली आहे. १९६०च्या मास्टर प्लॅनमध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचे तीन थर ठरवले: यूसी, सीएसयू आणि सर्वांना खुली असलेली कम्युनिटी कॉलेजं. खालच्या थरातून वर जाण्याचा जिना त्याच आराखड्यात होता. आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. पदवीचं शिक्षण देणारे यूसीचे कॅम्पस नऊ, आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशात ते राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य देतात. पदवीच्या कागदावर सुरुवात कुठे केली याचा उल्लेख नसतो.

प्रवेशासाठी वय १८ पूर्ण हवं किंवा हायस्कूलची पदवी हवी. एसएटी ही प्रवेशपरीक्षा लागत नाही, बारावीच्या टक्क्यांची चाळणी नाही. ऑनलाइन अर्ज फुकट असतो.

पैसे आणि व्हिसा

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे विषयाच्या एका क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. वर्षाला ३० युनिट धरली तर फी १,३८० डॉलर. यूसीची फी रहिवाशालाही वर्षाला १५ हजारांच्या आसपास जाते, आणि रहिवासी नसाल तर २०२५-२६ मध्ये त्यावर आणखी ३७ हजारांहून जास्त. राहण्याजेवण्याचा खर्च यात धरलेला नाही. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक असलेल्या मुलांनी फाफ्सा हा आर्थिक मदतीचा अर्ज भरावाच. पहिल्यांदा कॉलेजात येऊन पूर्णवेळ शिकणाऱ्या रहिवासी मुलांची ही ४६ डॉलरवाली फीसुद्धा पुष्कळ ठिकाणी दोन वर्षं माफ होते.

'रहिवासी' ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य हवं, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांनी दाखवावा लागतो: लायसन्स, राज्याचा कर, घरभाड्याचा करार. जूनमध्ये आलेल्यांनी हे कागद पहिल्या आठवड्यापासून जमवायला घ्यावेत. एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या पालकांच्या आश्रित व्हिसावर, आलेल्या मुलांना असं रहिवासी होता येतं, बी-१/बी-२ (पाहुणे) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावाल्यांना नाही. एच-४ वर शिकायला आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) लागत नाही, अर्धवेळही शिकता येतं. मात्र अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही.

एच-४ च्या घरांनी मुलाचा एकविसावा वाढदिवस आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावा. त्या दिवशी एच-४ संपतो. तोपर्यंत ग्रीन कार्ड आलं नाही तर सहसा एफ-१ करून घ्यावा लागतो, आणि एफ-१ झाला की रहिवासी दर हातचा जाऊ शकतो. अठराव्या वर्षी सुरू केलेली दोन वर्षं रेंगाळून तीन झाली, तर नेमकं यूसीत पाऊल ठेवताना हे संकट समोर येतं. याबाबत वकिलाशी सुरुवातीलाच बोला, एकविसावं लागल्यावर नव्हे.

भारतातून थेट एफ-१ घेऊन कम्युनिटी कॉलेजात येणारेही आहेत. त्यांना दर सत्रात किमान १२ युनिट घ्यावी लागतात, त्यात ऑनलाइनचा एकच विषय धरला जातो, आणि पुढच्या विद्यापीठात जाताना सेव्हिस, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची सरकारी नोंदही तिकडे हलवून घ्यावी लागते. त्यांना फीही परदेशी दराने पडते, त्यामुळे 'स्वस्त मार्ग' म्हणून ज्याचं कौतुक होतं तो त्यांना तेवढा स्वस्त पडत नाही.

सुरुवात शेवटून करा

आता मुख्य काम. कॉलेजात नाव घालण्याआधी संगणकावर असिस्ट डॉट ऑर्ग उघडा. ही राज्याची अधिकृत, फुकट साइट आहे. त्यात तीन गोष्टी निवडायच्या: तुमचं कम्युनिटी कॉलेज, जिथे जायचंय तो कॅम्पस, आणि तिथली शाखा. मग दोन रकाने दिसतात. एका बाजूला विद्यापीठाचा विषय, दुसऱ्या बाजूला त्याच्या बदल्यात तुमच्या कॉलेजातला कुठला विषय चालेल ते. काही ठिकाणी लिहिलेलं असतं की या विषयाला समतुल्य विषय नाही. तो एकतर शेजारच्या कॉलेजात घ्यायचा किंवा तिकडे गेल्यावर.

मेजर, म्हणजे मुख्य शाखा, अजून ठरली नसेल तर जवळच्या दोन शाखा आणि तीन कॅम्पस घ्या आणि सहाही पानं छापून शेजारी ठेवा. सगळीकडे सारखे येणारे विषय आधी घ्यायचे. एखाद्याच कॅम्पसला लागणारे नंतर पाहता येतात. संगणकशास्त्र म्हटलं तरी एका कॅम्पसला भौतिकशास्त्राची पूर्ण मालिका हवी असते, तर दुसऱ्याला डिस्क्रीट मॅथ. "सीएस करायचंय" एवढ्याने भागत नाही, कुठल्या कॅम्पसचं सीएस हे विचारावं लागतं.

विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना गणिताची साखळी सर्वांत जास्त अडवते. कॅल्क्युलसचे तीन भाग, मग लिनिअर अल्जेब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, हे बहुतेक एकामागून एकच घेता येतात. भौतिकशास्त्राला कॅल्क्युलस आधी किंवा सोबत लागतं. पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस १ सुरू झालं तर दोन वर्षांत बसतं, प्रीकॅल्क्युलसपासून निघालात तर अडीच-तीन वर्षं धरा. आपल्या बारावी सायन्सच्या मुलांना वाटतं, डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रल तर झालंय, पुन्हा कशाला? बारावीच्या गणिताचे युनिट इथे मिळत नाहीत, म्हणून पहिल्या कॅल्क्युलसपासूनच निघायचं. त्यात वाईट काही नाही. ओळखीच्या विषयात पहिल्या सत्राला 'ए' पडला की पुढचा जीपीए, म्हणजे सरासरी गुणांक, सांभाळणं सोपं जातं.

इंग्रजीचं उलट आहे. कॉलेजचं इंग्रजी कॉम्पोझिशन म्हणजे आपल्याकडचा निबंध नव्हे. एक मत मांडायचं, त्याला पुरावे द्यायचे, विरोधी मताला उत्तर द्यायचं आणि प्रत्येक उसन्या वाक्याचा स्रोत लिहायचा. पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवणं ही इथे चोरी ठरते आणि त्याची नोंद होते. हा विषय पहिल्या सत्रातच घ्या, कॉलेजच्या रायटिंग सेंटरला मसुदा दाखवा. इंग्रजी खरंच कच्चं असेल तर आधी ईएसएलचा (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीचा) एक वर्ग घेतलेला परवडतो.

विषयांच्या क्रमांकांनी गोंधळू नका. २०२५च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रापासून) राज्यभर समान क्रमांक लागू होऊ लागले आहेत आणि इंग्रजी कॉम्पोझिशनला सगळीकडे 'इंग्लिश सी१०००' म्हणतात. जुन्या मुलांच्या सल्ल्यात जुने क्रमांक असतील, असिस्टवरचे खरे धरा.

जनरल एज्युकेशनचं ओझं

मेजरच्या विषयांखेरीज इतर क्षेत्रांतले काही विषय घ्यावे लागतात. २०२५च्या फॉलपासून नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी यूसी आणि सीएसयू दोन्हींना चालणारा एकच साचा आहे, त्याला कॅल-गेटसी म्हणतात. त्यात ११ विषय, ३४ सेमिस्टर युनिट: इंग्रजी, चिकित्सक विचार, वक्तृत्व, गणित, कला-मानव्यविद्येचे दोन, समाजशास्त्रांचे दोन, भौतिक आणि जीवविज्ञान (त्यांतलं एक तरी प्रयोगशाळेसह), आणि एथ्निक स्टडीज (वांशिक समूहांचा अभ्यास). प्रत्येकात किमान 'सी' हवा, 'सी मायनस' चालत नाही.

इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाच्या जड शाखेत जाणाऱ्यांनी आधी हा पूर्ण साचा भरण्याच्या मागे लागू नये. यूसीच्या अशा शाखा मेजरचे विषय झाले का हे पाहतात. कलांचे दोन विषय राहिले म्हणून सहसा कुणाला नाकारत नाहीत, पण भौतिकशास्त्राची मालिका अर्धवट असली तर नाकारतात. त्यांना यूसीचा सात विषयांचा किमान नियम तेवढा पुरतो: दोन इंग्रजी, एक गणित आणि उरलेल्या क्षेत्रांपैकी किमान दोनांतून मिळून चार. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, बिझनेस अशा शाखांना मात्र कॅल-गेटसी पूर्ण करून गेलात तर वर गेल्यावर बराच वेळ वाचतो.

सीएसयूला जायचं असेल तर चार विषय सोडताच येत नाहीत: वक्तृत्व, लेखन, चिकित्सक विचार आणि गणित. मराठी मुलं वक्तृत्व शेवटपर्यंत ढकलतात, आणि शेवटच्या सत्रात त्याचे वर्ग भरलेले असतात.

युनिट आणि गुणांचा हिशेब

तिसऱ्या वर्षाला घेतात ते किमान ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिटवर, आणि ती आदल्या स्प्रिंगपर्यंत (मे-जूनमध्ये संपणाऱ्या सत्रापर्यंत) पूर्ण झालेली हवीत. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीवर (वर्षात तीन छोटी सत्रं) चालतात, फ्रीमॉन्टचं ओहलोनी, सांता क्लाराचं मिशन, सांता मोनिका ही सेमिस्टरवर (वर्षात दोन सत्रं). एक क्वार्टर युनिट म्हणजे दोन-तृतीयांश सेमिस्टर युनिट. दोन प्रकारच्या कॉलेजांतून विषय घेणाऱ्यांनी हा हिशेब वेळीच करावा. मालिकेचा पहिला भाग क्वार्टर कॉलेजात आणि दुसरा सेमिस्टर कॉलेजात घेतला तर मधलं प्रकरण कुठेच शिकवलं गेलं नाही असं होऊ शकतं. मालिका शक्यतो एकाच ठिकाणी संपवा.

कम्युनिटी कॉलेजातली जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट यूसी मोजते. त्यावर घेतलेल्या विषयांचं ज्ञान मान्य होतं, युनिट मोजली जात नाहीत. जास्त झाल्याने प्रवेश अडत नाही, पैसे आणि वेळ जातो एवढंच.

जीपीए चारपैकी असतो: ए चे चार, बी चे तीन, सी चे दोन. यूसीला रहिवाशाकडून किमान २.४, बाहेरच्यांकडून २.८ हवा, तर सीएसयूला २.० आणि २.४. हे फक्त अर्ज करण्यापुरतं. गर्दीच्या शाखांत प्रवेश मिळालेल्यांचा जीपीए साडेतीनच्या वर, बऱ्याचदा पावणेचारच्या पुढे असतो. यूसी प्रत्येक कॅम्पस-शाखेचे मागच्या वर्षांचे आकडे जाहीर करते, ते बघा आणि मग स्वप्न ठरवा. वार्षिक परीक्षेची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवावं की इथे दर आठवड्याचा गृहपाठ आणि क्विझ गुणांत धरतात. मार्चमध्ये रात्री जागून भरपाई होत नाही.

विषय जमत नसेल तर मुदतीत सोडा. पहिल्या काही आठवड्यांत सोडला तर नोंद राहत नाही, नंतर 'डब्ल्यू' (विषय सोडल्याची खूण) लागतो. एखाददुसरा 'डब्ल्यू' 'डी'पेक्षा बरा. मेजरचे विषय पास-नापास पद्धतीवर घेऊ नका.

भारतात आधी कॉलेज केलं असेल तर

एफवायबीएससी किंवा इंजिनिअरिंगचं एक वर्ष करून आलेले बरेच जण ते लपवतात, कारण गुण कमी असतात. लपवू नका. यूसीच्या अर्जात जगात कुठेही केलेलं प्रत्येक कॉलेज लिहिणं बंधनकारक आहे, आणि नंतर उघड झालं तर प्रवेश रद्द होतो. गुणपत्रिकेचं मूल्यमापन वेस किंवा तशाच संस्थेकडून करून घेऊन कम्युनिटी कॉलेजला द्या, काही युनिट मिळूही शकतात. यूसी मात्र स्वतः पुन्हा तपासते.

भारताची पूर्ण पदवी असलेल्यांसाठी ही वाट सहसा नाही. यूसी दुसऱ्या पदवीसाठी क्वचितच प्रवेश देते. लग्नानंतर इथे आलेल्या, पदवी असलेल्या मुलींनी लागणारे दोन-चार विषय कम्युनिटी कॉलेजात पुरे करून थेट मास्टर्सचा विचार करावा.

मराठी माध्यमात शिकलेल्यांनी सहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला जपून आणावा. काही कॅम्पसांवर पदवीसाठी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची अट असते, आणि दुसऱ्या भाषेतून झालेलं शालेय शिक्षण तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतं. स्पॅनिशचे दोन वर्ग वाचतात.

हमीचे दोन मार्ग

टॅग (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी) हा यूसीचा करार. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए असेल तर प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सान डिएगो त्यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला देता येतो आणि तो फक्त सप्टेंबरमध्ये भरता येतो. संगणकशास्त्र, इंजिनिअरिंग अशा शाखा काही कॅम्पसांनी वगळल्या आहेत, म्हणून त्या वर्षाची यादी पाहिल्याशिवाय विसंबू नका. टॅग भरूनही बाकी कॅम्पसांना अर्ज करता येतो, त्यामुळे पात्र असूनही न भरण्याला काही अर्थ नाही.

सीएसयूसाठी २०१०च्या कायद्याने आलेली खास असोसिएट डिग्री आहे. ती घेतली की त्याच प्रकारच्या शाखेत सीएसयूमध्ये कुठेतरी जागा नक्की, पण अमुकच कॅम्पसवर असं नाही. सान होजेलाच राहायचं असणाऱ्याने हा 'कुठेतरी' नीट वाचावा.

अर्जाचं वर्ष

दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्टपासून गडबड सुरू होते. सप्टेंबरात टॅग. ऑक्टोबर-नोव्हेंबरात यूसी आणि सीएसयू दोन्हींचे अर्ज. मुदत साधारण ३० नोव्हेंबर, सुट्टी आली तर एखादा दिवस पुढे. थँक्सगिव्हिंगच्या आत पाठवून टाका, शेवटच्या रात्री साइट रडते. यूसीला एका कॅम्पसमागे ८० डॉलर पडतात, उत्पन्न कमी असेल तर चार कॅम्पसपर्यंत माफ होतात.

यूसीला चार छोटी उत्तरं लिहावी लागतात, प्रत्येक ३५० शब्दांच्या आत. एक सक्तीचं: मेजरसाठी तयारी कशी केली. उरलेली तीन सात प्रश्नांतून निवडायची. शिफारसपत्रं मागवत नाहीत. आपली मुलं इथे स्पर्धापरीक्षांची यादी देतात नाहीतर "मला समाजसेवेची आवड आहे" असं लिहितात. त्यापेक्षा वडिलांची नोकरी गेल्यावर घरात काय बदललं, धाकट्या भावाला शाळेतून कोण आणत होतं, लॅबमध्ये कोणता प्रयोग बिघडला आणि मग काय केलं, हे साध्या वाक्यांत लिहा. एच-४ मुळे नोकरी करता आली नाही हेही एका वाक्यात सांगा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही रिकामे बसला होतात.

जानेवारीत यूसी फॉलचे गुण आणि स्प्रिंगचे विषय भरायला सांगते. हा टप्पा विसरणारे दरवर्षी निघतात. ईमेलचा स्पॅम फोल्डरही बघत जा.

कॉलेजातल्या काउन्सेलरला दर सत्रात एकदा तरी भेटा आणि एड प्लॅन (कुठल्या सत्रात कुठले विषय याचा आराखडा) लिहून घ्या. मात्र काउन्सेलरचं बोलणं आणि असिस्टचं पान यांत फरक आढळला तर ते पान समोर ठेवून पुन्हा विचारा. एका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, प्रत्येक कॅम्पसच्या प्रत्येक शाखेचा नियम त्यांच्या तोंडपाठ असेल अशी अपेक्षा चूक आहे.

निकालानंतर

यूसीचे निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतात, होकार १ जूनपर्यंत कळवायचा. हा प्रवेश अटींवर असतो. अर्जात लिहिलेले स्प्रिंगचे विषय पूर्ण व्हायला हवेत. एखादा सोडायचा झालाच तर आधी कॅम्पसला कळवा. न सांगता सोडलेल्या विषयावरून उन्हाळ्यात प्रवेश रद्द होतो, तेव्हा पर्याय उरत नाहीत.

कॅल-गेटसी पूर्ण झालं असेल तर त्याचं प्रमाणपत्र आपोआप जात नाही, कॉलेजच्या रेकॉर्ड्स ऑफिसला अर्ज करून मागवावं लागतं. अंतिम ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) जुलैच्या सुरुवातीपर्यंत पोचायला हवी, आणि दोन-तीन कॉलेजांतून विषय घेतले असतील तर प्रत्येकाची वेगळी. क्वार्टर कॉलेजांचे स्प्रिंगचे गुण जूनच्या शेवटी लागतात, म्हणून मागणी नोंदवताना "गुण लागेपर्यंत थांबा" हा पर्याय निवडा, नाहीतर अर्धवट कागद पोचतो. बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर चालतात आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात उघडतात, बाकीचे यूसी कॅम्पस सप्टेंबरअखेर. भारताचं तिकीट काढायचं असेल तर ओरिएंटेशनची तारीख आधी पाहून घ्या, कारण तिसऱ्या वर्षाचे विषय त्याच सुमारास निवडायचे असतात आणि चांगल्या वेळेचे वर्ग लवकर भरतात.